ग्राँ प्लासचे रात्रीचे फोटो: काळं आकाश, भाजलेल्या इमारती आणि ट्रायपॉडचा प्रश्न

तुमचा प्रश्न बाकीच्यांच्या सोयीसाठी थोडक्यात पुन्हा मांडतो. दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास, तुम्ही आई-वडिलांना घेऊन ग्रुप टूरने पॅरिस, ब्रसेल्स, ॲम्स्टरडॅमला चालला आहात. ब्रसेल्सला दोन मुक्काम आहेत. हातात क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स आणि एक बऱ्यापैकी फोन. याआधी प्रागच्या चौकात काढलेल्या फोटोंत आकाश काळंकुट्ट आणि इमारती भाजल्यासारख्या पांढऱ्या-पिवळ्या आल्या. म्हणून विचारताय की ग्राँ प्लास या ब्रसेल्सच्या मुख्य चौकासाठी ट्रायपॉड घ्यावा की एफ/१.४ ची, म्हणजे मोठ्या तोंडाची, लेन्स, आणि सेटिंग काय ठेवावं. शेवटी जाता जाता लिहिलंय, आई-बाबांचेही त्या उजेडात फोटो हवेत.

सरळ उत्तर: आत्ता दोन्ही घेऊ नका. आधी टूर मॅनेजरला विचारा की चौकात किती वाजता नेणार. बाकी सगळं त्या उत्तरावर अवलंबून आहे. का, ते सविस्तर सांगतो.

प्रागच्या फोटोंत उजेड कमी पडलेला नाही. कॅमेऱ्याचं मीटर साधारणपणे अख्ख्या फ्रेमचा अंदाज घेऊन एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, ठरवतं. फ्रेमचा मोठा भाग काळं आकाश आणि अंधारी फरशी असेल तर त्याला वाटतं की दृश्यच अंधारं आहे. मग ते एक्स्पोजर वाढवतं, आणि आधीच दिव्यांत न्हालेली भिंत करपते. आकाश तरीही काळंच राहतं, कारण तिथे वाढवण्याजोगं काही उरलेलंच नसतं. आता यात ट्रायपॉड काय करेल? शटर जास्त वेळ उघडं ठेवू देईल. एफ/१.४ काय करेल? कमी वेळात जास्त उजेड आत घेईल. दोन्ही उपाय भिंतीला आणि आकाशाला सारखाच उजेड वाढवून देतात. त्या दोघांतलं अंतर तसूभरही कमी होत नाही. अडचण त्या अंतराची आहे.

मीटरला वेसण घालणं सोपं आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे एक किंवा उणे दीड करा, भिंती वाचतील. पण आकाश निळं करण्याचं काम सूर्यच करू शकतो, आणि तो मावळल्यावर थोडाच वेळ करतो. रात्रीच्या चौकांचे जे फोटो पाहून आपण हरखतो, त्यातले बहुतेक दिवेलागणीला काढलेले असतात. आकाशाचा उजेड उतरत उतरत दिव्यांच्या उजेडाच्या पातळीला येतो, तेवढ्या वेळात दोन्ही एका फ्रेममध्ये नीट बसतात. पुढे रात्रभर थांबलात तरी ती संधी परत येत नाही.

इथे तुमच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे अक्षांश. मुंबई-पुण्यात सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो. मावळल्यापासून तो क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत तेवीस-चोवीस मिनिटं मिळतात. आपल्याला वाटतं की संध्याकाळ म्हणजे एवढीच. ब्रसेल्स ५०.८ अंश उत्तरेला आहे. तिथे सूर्य तिरका उतरतो. तेवढ्याच सहा अंशांना नोव्हेंबरच्या सुरुवातीला पस्तीसेक मिनिटं लागतात, जूनमध्ये तर पाऊण तासाच्या आसपास. त्यानंतरही दहा-बारा मिनिटं गडद निळाई टिकते. म्हणजे घाई करण्याचं कारण नाही, पण वेळेवर हजर राहावंच लागेल.

दुसरी म्हणजे तुमची तारीख. जूनमध्ये ब्रसेल्सचा सूर्यास्त रात्री दहाच्या सुमाराला होतो. तेव्हा गेलेले बहुतेक टूरवाले एकतर लख्ख दिवसा चौक दाखवतात, नाहीतर थकलेल्या मंडळींना हॉटेलवर सोडून मोकळे होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्यास्त सव्वापाचच्या आत-बाहेर. म्हणजे पाच ते सहा या तासात तुमचं सगळं काम होतं आणि आई-बाबांना जागरण नाही. एक लक्षात ठेवा: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. तुम्ही आज फोनवर ब्रसेल्सचा सूर्यास्त पाहिलात आणि तो सहाच्या पुढचा दिसला, तर तो आजचा आहे, तुमच्या तारखेचा नाही. सहलीच्या तारखेची वेळ बघा.

म्हणून टूर मॅनेजरला विचारायचं ते हेच. पाच वाजता चौकात असलो तर उत्तम. ‘सात वाजता इंडियन डिनर, मग चालत चौक’ असा बेत असेल, तर दुसऱ्या मुक्कामाची संध्याकाळ स्वतःसाठी मागून घ्या. मध्यवर्ती रेल्वे स्थानकापासून ग्राँ प्लास पाचेक मिनिटांच्या चालीवर आहे. हॉटेल शहराबाहेर असलं तरी लोकल गाडीने येणं अवघड नाही. पहाटेचा पर्याय काहीजण सुचवतील. पहाटे माणसं नसतात हे खरं, पण दर्शनी दिवे तेव्हा चालू असतीलच असं धरून मी दोन मुक्कामांतला एक पणाला लावणार नाही.

आता जागा. ग्राँ प्लास ११० बाय ६८ मीटरचा आहे. फोटो पाहून वाटतो त्यापेक्षा लहान. चारही बाजू इमारतींनी बंद, आत यायला अरुंद गल्ल्या, त्यांची नावं लोणी, हेरिंग मासे, मांस-पाव अशी, जुन्या बाजाराची खूण सांगणारी. ऑगस्ट १६९५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सैन्याने शहरावर तोफा डागल्या तेव्हा हा चौक जवळजवळ पूर्ण बेचिराख झाला. टाउन हॉलचा मनोरा आणि भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. व्यापारी संघांनी पुढच्या काही वर्षांत आपापली घरं नव्याने बांधली, प्रत्येकाने शेजाऱ्यापेक्षा चार बोटं वर राहायच्या जिद्दीने. सोन्याचा मुलामा, पुतळे, वळणदार माथे सगळं त्या काळातलं. फोटोग्राफरला हा इतिहास कामाचा आहे: एका बाजूला गंभीर करड्या दगडाचा गॉथिक टाउन हॉल आणि भोवती सोनेरी नक्षीची घरं, त्यामुळे एकाच एक्स्पोजरमध्ये दगड मवाळ दिसतो आणि सोनं डोळ्यांवर येतं. एक्स्पोजर नेहमी सोन्यावर बेता. दगड नंतर उजळता येतो, पांढरं पडलेलं सोनं परत आणता येत नाही.

उभं कुठे राहायचं? टाउन हॉल नैर्ऋत्य बाजूला आहे, त्याच्या समोर ईशान्येला ‘मेझाँ द्यु र्वा’ ही शहराच्या संग्रहालयाची इमारत. वायव्येला संघांच्या घरांची सुप्रसिद्ध रांग, आग्नेयेला ब्राबांच्या ड्यूकांच्या नावाने ओळखली जाणारी सलग लांब इमारत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य साधारण नैर्ऋत्य-पश्चिमेला मावळतो, म्हणजे टाउन हॉलच्या पाठीमागे, जरा उजवीकडे. त्यामुळे तिकडचं आकाश उशिरापर्यंत उजळ राहतं, आणि उलट बाजूचं, ईशान्य-पूर्वेचं, आधी निळं आणि आधी काळं होतं. बहुतेक लोक चौकात शिरले की टाउन हॉलवर तुटून पडतात, तेव्हा त्याच्यामागचं आकाश अजून पांढुरकं असतं. अर्ध्या तासाने वळून मेझाँ द्यु र्वाकडे बघतात तोवर तिथलं आकाश गेलेलं असतं.

तुम्ही उलट करा. सूर्यास्तानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, चौकातले दिवे लागले की टाउन हॉलशेजारच्या पश्चिम कोपऱ्यात उभं राहून पूर्वेकडे तोंड करा. डावीकडे मेझाँ द्यु र्वा, समोर ड्यूकांची इमारत. तिथलं काम आटोपलं की सरळ चौक ओलांडून पूर्वेच्या कोपऱ्यात जा, आणि तिथून पश्चिमेकडे बघा: डावीकडे मनोऱ्यासकट टाउन हॉल, समोर सोनेरी घरांची रांग, आणि वर मावळतीचा उरलेला उजेड. सूर्यास्तानंतर पंचवीस ते पंचेचाळीस मिनिटं ही या जागेची वेळ. तुमच्या दोन मुक्कामांतला मुख्य फोटो हाच असेल.

कोपराच का, समोरून का नाही? कारणं दोन. एक, टाउन हॉलचा मनोरा इमारतीच्या मध्यावर नाही. डावा भाग आधीचा आणि लांब, उजवा नंतरचा आणि आखूड. समोर उभं राहून मनोरा फ्रेमच्या मधोमध घेतला की इमारत एका बाजूला कलंडल्यासारखी वाटते आणि बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही. दोन, उंची. मनोरा ९६ मीटर उंच आहे, टोकावर सैतानाला तुडवणारा देवदूत मिखाएल. समोरून तुम्ही जेमतेम साठ-बासष्ट मीटर मागे जाऊ शकता. तिथून टोक बघायला मान सत्तावन्न अंश वर करावी लागते. पूर्वेच्या कोपऱ्यातून अंतर ऐंशी-नव्वद मीटर होतं आणि कोन सत्तेचाळीसच्या आसपास येतो. तुमची लेन्स १८ वर, कॅमेरा उभा धरून, वरपासून खालपर्यंत सदुसष्ट अंश पाहते. कोपऱ्यातून मनोरा बसतो, वर श्वास घ्यायला जागाही राहते. समोरून बसतो तो डोकं छताला टेकवून.

तरीही कॅमेरा वर झुकवावा लागेलच, आणि झुकवला की उभ्या रेषा वर एकमेकींकडे कलतात. याला घाबरू नका. झुकवायचं तर व्यवस्थित झुकवा आणि चारही बाजूंनी थोडी जास्त जागा सोडा. नंतर सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात. रेषा शंभर टक्के सरळही करू नका. एवढा उंच मनोरा पूर्ण सरळ केला की वरचा भाग फुगतो आणि मिखाएल बाळसेदार दिसायला लागतो. सत्तर-ऐंशी टक्क्यांवर थांबा.

याच हिशेबात एफ/१.४ च्या लेन्सचं उत्तर आहे. क्रॉप सेन्सरसाठी परवडणाऱ्या एफ/१.४ लेन्स बहुधा २३ ते ३० मिलिमीटरच्या घरात असतात. त्यात उजेड भरपूर येईल, पण ३० मिलिमीटरवर मनोरा मावणार नाही. या चौकात रुंदी कमी पडते, उजेड नाही.

आता हात स्थिर ठेवण्याबद्दल. पूर्ण अंधारात, दिवे लागलेल्या अशा इमारतीसाठी माझं सुरुवातीचं माप असतं आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) १००, एफ/८ (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं तोंड लहान), साधारण चार सेकंद. दिवेलागणीला एक-दोन सेकंदही पुरतात. चार सेकंद हातात धरणं अशक्य, हे उघड आहे. पण हाच उजेड एफ/४ आणि आयएसओ १६०० ला एक पंधरांश सेकंदात येतो, आणि तो हाताने निभावतो, विशेषतः कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये स्थिरीकरण असेल तर. खांबाला किंवा भिंतीला खांदा टेकवा, अर्धा श्वास सोडा, आणि एकापाठोपाठ चार-पाच फ्रेम घ्या. पहिली आणि शेवटची बोट दाबताना-सोडताना हलतात, मधली एखादी काटेकोर निघते.

‘पण एफ/८ शिवाय सगळं फोकसमध्ये कसं येणार?’ ही शंका नेहमी येते. १८ मिलिमीटर, एफ/४, क्रॉप सेन्सर: दहा मीटरवर फोकस केलात तर तीन मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं नीट येतं. तुमच्यापासून सगळ्यात जवळची इमारतही त्याहून लांब आहे. हातात कॅमेरा असताना एफ/८ म्हणजे उगाच उजेड वाया घालवणं. दिव्यांभोवती ताऱ्यासारखी किरणं हवी असतील तरच एफ/११-१३ ला जा, आणि त्यासाठी कॅमेरा कशावर तरी ठेवलेला हवा. माझ्या मते एखाद्या फ्रेममध्ये ती शोभतात. सगळ्या अल्बमभर असतील तर रोषणाईच्या दुकानाची जाहिरात वाटते.

ट्रायपॉड असेल तर फायदा आहेच, मी नाकारत नाही. मी कामासाठी जातो तेव्हा नेतो. पण तुम्ही ग्रुपबरोबर, आई-वडिलांसोबत, गर्दीच्या चौकात आहात. तीन पाय पसरून उभं राहिलेलं सामान, त्यात कुणी अडखळणार, मागे ग्रुप खोळंबलेला. त्याऐवजी वीतभर उंचीचा टेबल-ट्रायपॉड किंवा एक रिकामी कापडी पिशवी न्या. पिशवीत तिथल्या दुकानातून अर्धा-एक किलो तांदूळ भरा आणि ती फरशीवर, पायरीवर, कॉफीच्या टेबलावर ठेवून कॅमेरा तिच्यात रुतवा. दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबताना बसलेला धक्का जिरतो. कॅमेरा असा टेकवला की काही मॉडेलांत स्थिरीकरण बंद करणं बरं. जुनी यंत्रणा हलायला काही नसतानाही हलवत बसते. शेवटच्या दिवशी तांदूळ टाकू नका, कुणाला तरी द्या. एवढं सांगायला नको, पण सांगतो.

व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगीचे वेगळे नियम असतात, तुमच्यासारख्या हौशी प्रवाशाला त्याची काळजी नाही. कुणा सुरक्षारक्षकाने ट्रायपॉड आवरायला सांगितला तर वाद घालू नका, निळाई त्याच्यासाठी थांबत नाही.

बाकीची सेटिंग भराभर सांगतो. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेला मूळ फोटो, चालू ठेवा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडलात तर प्रत्येक फ्रेमला सोनं वेगळ्या रंगाचं येईल; ३५०० केल्विनच्या आसपास एकदा बांधून टाका, आकाशही छान खोल निळं उतरतं. हायलाइट करपले की लुकलुकणारी सूचना किंवा झेब्रा (करपलेल्या भागावर दिसणारे पट्टे) चालू करा. दिव्यांचे गोळे लुकलुकले तर चालेल, सोनेरी नक्षी लुकलुकायला लागली की एक्स्पोजर खाली. लेन्सवर यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर रात्री काढून ठेवा. काळ्या आकाशात दिसणारे हिरवे ठिपके बहुतेक वेळा त्याच्यामुळे असतात, भुताटकी नसते. आणि एलईडी दिव्यांखाली सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर टाळा. वीज तिथेही आपल्यासारखी ५० हर्ट्झची. काही दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटरने त्याचे आडवे पट्टे उमटतात. मेकॅनिकल शटर आणि एक पन्नासांश किंवा त्याहून सावकाश वेग ठेवला की प्रश्न मिटतो.

इथवरचं एकत्र बांधून घ्या: पाचला चौकात, आधी पश्चिम कोपऱ्यातून पूर्वेकडे, मग पूर्व कोपऱ्यातून पश्चिमेकडे, १८ मिलिमीटर, एफ/४, आयएसओ ८०० ते १६००, कॉम्पेन्सेशन उणे एक, सोनं करपत नाही एवढं बघा.

सहा वाजले, आकाश काळं झालं, मग? मग आकाश फ्रेमबाहेर काढा. बहुतेकजण काळोख पडल्यावरही तीच रुंद फ्रेम घेत बसतात. तुमच्या लेन्सचं ५५ चं टोक आता कामाला येतं. वायव्येच्या रांगेत नावाड्यांच्या संघाचं घर आहे, ‘ल कॉर्ने’. त्याचा माथा जहाजाच्या मागच्या भागासारखा घडवलाय. टाउन हॉलच्या डाव्या हाताला बिअर बनवणाऱ्यांच्या संघाचं घर, त्याच्या माथ्यावर घोडेस्वाराचा पुतळा. अशा माथ्यांच्या, खिडक्यांच्या, पुतळ्यांच्या घट्ट फ्रेम घ्या, कडेपासून कडेपर्यंत भिंतच भिंत. आकाश नाही म्हणजे अंतराचा प्रश्नही नाही, मीटरही शहाण्यासारखं वागतं. दिव्यांचा उजेड खालून वर येत असल्यामुळे नक्षीच्या सावल्या उलट्या पडतात आणि दिवसा सपाट दिसणारं कोरीवकाम उठून येतं. ज्यांना सातनंतरच चौक मिळतो त्यांनी हेच करावं आणि आकाशासाठी हळहळू नये.

फ्रेमच्या खालच्या अर्ध्या भागाबद्दल कुणी बोलत नाही. चौकाचा फोटो म्हटलं की अर्धी फ्रेम फरशी असते, आणि कोरडी दगडी फरशी रात्री मरगळलेली दिसते. नोव्हेंबरमध्ये ब्रसेल्सला पावसाची भुरभुर कधीही येते. ग्रुपमधले सगळे वैतागतील, तुम्ही खूश व्हा. ओल्या फरसबंदीत सोनेरी भिंती उतरतात. कॅमेरा घोट्याच्या उंचीवर आणा, तांदळाची पिशवी तिथे उपयोगी पडेल. जितकं खाली तितकं प्रतिबिंब लांब. स्क्रीन वर वळवता येत असेल तर गुडघे टेकावे लागणार नाहीत. छत्री बाबांच्या हातात द्या. लेन्सवर थेंब पडला की प्रत्येक दिव्याभोवती धुक्याचा डाग येतो, म्हणून खिशात सुती रुमाल हवा. आणि थंडीतून थेट गरम कॅफेत शिरताना कॅमेरा बॅगेत बंद करून न्या, नाहीतर काचेवर दव धरतं आणि बराच वेळ जात नाही.

पाऊस नसेल तर फरशीवर माणसं हवीत. चार सेकंदांच्या एक्स्पोजरला चालणारी माणसं जवळजवळ पुसली जातात आणि सेल्फी घेत थांबलेली तेवढी उरतात, हा सगळ्यात वाईट मेळ. गर्दी अजिबात नको असेल तर टेकवलेल्या कॅमेऱ्याने तीच फ्रेम अर्ध्या अर्ध्या मिनिटाने दहा-बारा वेळा घ्या. सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा मीडियन (प्रत्येक बिंदूची मधली किंमत) काढला की हलणारं सगळं गळून पडतं. मी स्वतः ते फारसं करत नाही. बंद चौकाची भव्यता माणसाच्या उंचीशी तुलना झाल्याशिवाय कळत नाही. एक चतुर्थांश सेकंदाला चालणाऱ्यांचे पाय पुसट आणि धड ओळखू येण्याइतकं राहतं, ते मला आवडतं. माणसं गोठवायची असतील तर आयएसओ ३२०० आणि एक साठांश. त्यातले ठिपके आजकालची सॉफ्टवेअर सहज आवरतात.

आता आई-बाबा. नेहमीची पद्धत अशी की त्यांना इमारतीकडे पाठ करून चौकाच्या मध्यावर उभं करायचं. तिथे त्यांच्या चेहऱ्यावर उजेड येतो कुठून? सगळे दिवे भिंतींवर रोखलेले, मध्यभाग तुलनेने अंधारा. म्हणून चेहरे काळे येतात, मग फ्लॅश पेटतो आणि आई-बाबा पोस्टरवर चिकटवल्यासारखे दिसतात. चौकाच्या कडेला चॉकलेटची, लेसची दुकानं आणि कॅफे आहेत. त्यांच्या काचेतून येणारा मऊ, रुंद उजेड शोधा. आई-बाबांना त्या काचेपासून दोन-तीन पावलांवर, काचेकडे अर्धवट तोंड करून उभं करा. तुम्ही दुकानाच्या बाजूला, म्हणजे तुमच्या फ्रेममध्ये मागे समोरच्या रांगेचं सोनं येईल. लेन्स ३५ च्या आसपास, कॅमेरा त्यांच्या छातीच्या उंचीवर, एक्स्पोजर चेहऱ्यावर. मागचं जरा तेज आलं तरी चालेल. वेग एक साठांशाच्या खाली नेऊ नका, थंडीत उभी असलेली माणसं आपल्या नकळत हलतात.

थंडी पाच ते बारा अंशांच्या घरात असेल, म्हणजे दोघांच्या अंगावर बहुधा काळी किंवा निळी जाकिटं. रात्रीच्या फोटोत काळं जाकीट मागच्या अंधारात विरून जातं आणि चेहरे हवेत तरंगल्यासारखे येतात. आईला एखादी फिकट किंवा लाल-केशरी शाल, बाबांना फिका मफलर बॅगेत टाकायला सांगा. फ्लॅश वापरायचाच तर स्लो सिंक (फ्लॅशबरोबर शटरही सावकाश, म्हणजे मागचं दृश्यही येतं) ठेवा आणि त्याची ताकद उणे दोनपर्यंत खाली आणा. आणि हे फोटो सूर्यास्तानंतर लगेच, दिवे नुकतेच लागलेले असताना उरका: तेव्हा आकाशाचाही उजेड चेहऱ्यावर असतो, आणि त्या वेळी इमारतींचे फोटो अजून पिकलेले नसतात. दोघांना मग कॅफेत बसवून तुम्ही मोकळे. एवढंच सांभाळा की कॅमेऱ्यात गुंग असताना बॅग पायापाशी मोकळी ठेवू नका, पट्टा पायात अडकवा.

फोनबद्दल विचारलं नाहीत, पण सांगतो. फोनचा नाइट मोड एकावर एक फ्रेम रचून भिंत-आकाशातलं अंतर बरंच भरून काढतो. सहा वाजल्यानंतर तुमच्या जेपेगपेक्षा तो सरस फोटो देऊ शकतो, यात कमीपणा काही नाही. त्याची ०.५ ची अतिरुंद लेन्स उभी धरली तर पूर्वेच्या कोपऱ्यातून मनोरा न झुकवता मावतो, म्हणजे रेषा आपोआप सरळ. अडचण अशी की बहुतेक फोनांत त्या लेन्सचा सेन्सर सगळ्यात लहान असतो. म्हणून ती दिवेलागणीला वापरा, अंधारात मुख्य लेन्सवर या.

टूरमध्ये पॅरिस आहे म्हणून एक जोड. आयफेल टॉवरचा दिवसाचा फोटो कुठेही वापरा, पण त्याच्या रात्रीच्या रोषणाईवर हक्क आहेत; घरच्या अल्बमला अडचण नाही, पैसे घेऊन विकायचा तर परवानगी लागते. बेल्जियमने २०१६ मध्ये कायदा बदलून सार्वजनिक जागेतल्या कायमच्या इमारती आणि शिल्पांच्या फोटोंना मोकळीक दिली. ग्राँ प्लासच्या इमारती तर इतक्या जुन्या आहेत की तो प्रश्न येतच नाही.

जाण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभं राहून हे सगळं एकदा करून बघा. दर्शनी दिवे, उंच घुमट, समोर मागे सरकायला अपुरी जागा, रस्त्यावर माणसांचा लोंढा: जवळजवळ तीच परीक्षा. फरक इतकाच की तिथे तुम्हाला तेवीस मिनिटंच मिळतील, आणि दिव्यांचे रंग बदलत असले तर व्हाइट बॅलन्सवर वेळ घालवू नका. त्या सरावानंतरही हात पुरत नाही असं वाटलं, तर पैसे लहान टेबल-ट्रायपॉडवर घाला. लेन्सचा विचार परत आल्यावर करू. तेव्हाही घ्यायचीच तर आधी १० किंवा ११ मिलिमीटरपासून सुरू होणारी रुंद लेन्स बघा.